स्वस्त ताटलीची किंमत कोण मोजतो?

दिल्लीतील कोणत्याही गजबजलेल्या मेट्रो स्थानकाबाहेर संध्याकाळी मोमोच्या ठेल्यापुढे रांग दिसते. मोमो म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचा हिमालयाकडचा भाऊबंद. मैद्याची पातळ पारी, आत कोबीचे किंवा कोंबडीचे सारण, मोदकपात्रासारख्या थरांच्या भांड्यात दिलेली वाफ आणि सोबत झणझणीत लाल चटणी. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांनी आणि नेपाळ-दार्जिलिंगकडून पोटासाठी आलेल्या माणसांनी हा पदार्थ राजधानीत रुजवला. आज त्याच्यासाठी घरपोच सेवेची पोरे, पहारेकरी, शिकवणी-वर्गांचे विद्यार्थी आणि दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली पुन्हा रांगेत उभ्या राहतात. कारण एवढ्या पैशांत दुसरीकडे गरम घास मिळत नाही.

ही रांग पाहून मुक्त बाजाराचे भाट सद्गदित होतात. सरकारी मदतीवाचून एका गरिबाला स्वस्त अन्न मिळाले आणि दुसऱ्याला रोजगार, असा त्यांचा सिद्धान्त. परंतु स्वस्ताई आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी श्रमातून कापून घेतलेली असते. ठेलेवाल्याच्या घरी सारण चिरणाऱ्या व पाऱ्या लाटणाऱ्या बाईची मजुरी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. ठेल्यावरच्या पोऱ्याला ना कामाचे तास ठरलेले, ना आजारपणाची रजा. ताटलीची किंमत कमी राहते ती या न दिलेल्या मजुरीमुळे.

आणि या स्वस्ताईचा अंतिम लाभ कोणाला? १८४६ साली इंग्लंडमध्ये धान्य कायदे रद्द झाले. त्या चळवळीत गिरणीमालकांना स्वस्त भाकरीचा एवढा पुळका का, असा प्रश्न चार्टिस्टांनी विचारला होता. भाकरी स्वस्त झाली की मजुरीही खाली ओढता येते, हे त्याचे त्यांनीच दिलेले उत्तर. दिल्लीतही तेच घडते. पहारेकऱ्याचे पोट ठेल्यावर थोडक्यात भरते, म्हणूनच त्याच्या ठेकेदाराला तुटपुंज्या पगारात माणूस मिळतो. म्हणजे ठेलेवाला आपल्या श्रमातून त्या ठेकेदाराला अनुदानच देत असतो!

‘हे लोक कर भरत नाहीत’ हा सुखवस्तूंचा नित्याचा आक्षेप. वस्तुतः घरगुती गॅसवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के आहे. मोठे उपाहारगृह सहसा जागेला भाडे देऊन पावती घेते. ठेलेवाला त्याच जागेसाठी हप्ता देतो आणि त्याला पावती मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

अशा या माणसाला राज्यसंस्था काय देते? रस्त्याकडेला धंदा करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितले. २०१४ चा पथविक्रेता कायदा आणखी पुढे गेला. सर्वेक्षण पुरे होऊन विक्रीची प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असे तो कायदा म्हणतो. पण अतिक्रमणविरोधी गाडी येते तेव्हा कायद्याचे हे कलम कोणाच्या खिशात असते? भांडी, शेगडी, सिलिंडर उचलले जातात आणि रांग पांगते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली. वसाहती कायद्यातून मुक्ती म्हणून तिचा गाजावाजा झाला. त्याच दिवशी नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळच्या एका फेरीवाल्यावर रस्ता अडवल्याचा गुन्हा तिच्याखाली नोंदवला गेला. बोभाटा झाल्यावर तो मागे घेण्यात आला. परंतु कायद्याचा हात प्रथम कोणाच्या मानेकडे जातो हे दिसायचे ते दिसून गेले.

महाराष्ट्रातील वाचकांनी हे दिल्लीचे दुखणे समजू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. पूल वेळीच रुंद न करणाऱ्यांना जाब विचारण्याऐवजी मोहीम निघाली ती फेरीवाल्यांविरुद्ध.

अस्वच्छतेचा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावण्याचे कारण नाही. पादचाऱ्याचा हक्कही तितकाच खरा आहे. परंतु नळ, सांडपाण्याची सोय आणि आखून दिलेली जागा देणे हे पालिकेचे काम. ते न करता ठेला उचलणे म्हणजे आपल्या नाकर्तेपणाची शिक्षा दुसऱ्याला देणे होय.

समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. कारखान्याच्या दारावर आपण सभा घेतल्या. ठेल्यापाशी मात्र गिऱ्हाईक म्हणून थांबलो. आता मागणी स्पष्ट हवी: प्रत्येक शहरात सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रे, निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या समित्या, आणि ठेल्यावर राबणाऱ्या पोऱ्यालाही किमान वेतन. त्याने ताटली दोन-पाच रुपयांनी महागली, तर रांगेतल्या श्रमिकाचा पगार वाढवून घेण्याचा लढाही याच लढ्याचा भाग आहे. ठेल्याच्या पुढचा आणि ठेल्यामागचा माणूस एकाच वर्गाचे आहेत. पुढच्या वेळी पालिकेची गाडी येईल तेव्हा रांगेने पांगू नये; तिथेच उभे राहावे.