शितावरून भाताची परीक्षा : पण शीत कोणी उचललें ?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपली जुनी म्हण सांगते, आणि घरोघरच्या गृहिणी रोज ती करीतही असतात. परंतु म्हण खरी ठरण्यास एक अट आहे. भांड्यांतील भात सर्वत्र सारखा शिजलेला असला पाहिजे. तसा नसेल तर तळचें शीत पाहणारा भात करपला म्हणेल, व वरचें पाहणारा कच्चा म्हणेल. आपल्या शेतांतील उत्पन्नाची गणना याच न्यायानें होत असते. शीत कोणी उचललें व कोठून उचललें, हें मात्र आपण शेतकरी सहसा विचारीत नाहीं. ही उदासीनता आतां परवडणारी नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कारण उघड आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत, विमाक्षेत्रांतील कांहीं थोड्या शेतांत पीककापणी प्रयोग होतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाहून कमी भरली, तरच त्या क्षेत्रांतील विमेदारांस उत्पन्नाच्या घटीची भरपाई मिळते. म्हणजे चार दोन शेतांतील वजनकांटा साऱ्या पंचक्रोशीचा निवाडा करतो. नमुना चुकला, तर ज्याच्या शेतांत कापणी झालीच नाहीं त्याचेंही नुकसान होतें.

यावर कित्येक म्हणतील कीं, प्रयोगांची संख्या वाढवा म्हणजे झालें. हा समज किती फसवा आहे, हें अमेरिकेंतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसून येतें. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें १ कोटी लोकांस मतपत्रिका धाडल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकित झालें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ संस्थानें जिंकलीं ! नांवें बव्हंशीं दूरध्वनीच्या व मोटारींच्या नोंदींतून घेतलेलीं होतीं. त्या मंदीच्या काळांत गरिबाचें नांव तेथें कोठून असणार? शिवाय ज्यांनीं उत्तरें धाडलीं तेवढ्यांचेंच मत मोजलें गेलें. गप्प बसलेल्यांचें मत निराळें असूं शकतें, हें ध्यानांत घेतलें नाहीं. त्याच वेळीं गॅलप यांनीं पुष्कळ लहान, परंतु अधिक काळजीनें निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. एकाच बाजूला झुकलेला तराजू लाख वेळां वापरला, तरी माप खरें होत नाहीं.

आपल्या देशांतही हा विचार नवा नव्हे. पूर्वीं नजरेनें पाहून पीक किती आणे आलें तें ठरवीत. शेतसाऱ्याची सूट हवी असणाऱ्यास पीक कमी दिसे, व वसूल करणाऱ्यास अधिक. डोळा प्रामाणिक असला, तरी त्याला मनाचा चष्मा असतोच. १९२३ ते १९२५ या काळांत बिहार व ओरिसांत हबक नांवाच्या अधिकाऱ्यानें भातकापणीचे प्रयोग केले, आणि कापणीची जागा चिठ्ठी टाकल्याप्रमाणें यदृच्छेनें ठरवावी, म्हणजे प्रयोग करणाराच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहात नाहीं, असें दाखविलें.

पुढें सातारा जिल्ह्यांतील बुध येथें जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दुसरा दोष उजेडांत आणला. कापणीचा तुकडा फार लहान असला, तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें. कारण कडेवरचीं रोपें आंत घेण्याकडे मनुष्याचा कल असतो. हिशेब करून पाहावा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळांत चोहोंकडून एक इंच अधिक पीक आलें, तर उत्पन्न शेंकडा साडेआठांनीं फुगतें. पांच मीटर बाजूच्या चौरसांत तीच चूक शेंकडा सुमारें दोनच भरते. येथें कोणी लबाडी केलेली नसते. तरीही चूक एकाच दिशेनें होते, म्हणून सरासरी काढल्यानें ती फिटत नाहीं.

तेव्हां कापणीच्या वेळीं गांवकऱ्यांनीं हजर राहून कांहीं गोष्टी पाहाव्या. शेत यादृच्छिक क्रमांकानें ठरलें, कीं रस्त्यालगतचें म्हणून घेतलें ? ठरलेल्या शेताची कापणी आधींच उरकली म्हणून दुसरें घेतलें असल्यास, त्याची नोंद झाली काय ? चौरसांत उघडा पट्टा किंवा रोगट कोपरा आला म्हणून खुंट्या हलविल्या काय ? दोरी ताणलेली आहे काय ? धान्य ओलें तोललें असल्यास, वाळल्यावरील वजनाचा हिशेब धरला काय ?

आतां थोडें कटु, पण आपल्याच बंधूंस सांगणें प्राप्त आहे. सरकारी माणसानें चांगला तुकडा निवडूं नये, असें म्हणणाऱ्यानें वाईट तुकड्याकडे त्याचा हात धरून नेणें हेंही तितकेंच अयोग्य होय. तसें केल्यानें एका वर्षीं चार पैसे मिळतील. परंतु खोटा आंकडा दप्तरांत राहतो. पुढील वर्षांचें उंबरठा उत्पन्न मागील वर्षांच्या उत्पन्नावरूनच निघतें. तेव्हां तो आंकडा पुढें उंबरठा खालीं ओढण्याचा संभव असतो, आणि खरी आपत्ति आली असतां भरपाई आपल्याच हातून निसटते. शिवाय शेतकऱ्याच्या शब्दाची किंमत जाते ती निराळीच.

आपल्याला अनुकूल नमुना मागणें हा आपला हक्क नव्हे. निःपक्षपाती नमुना मागणें हा मात्र आहे. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं निदान दोन जाणते गृहस्थ या कामीं नेमावे, आणि येत्या सुगीपासूनच आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.