बझरवर पडलेला तो बास्केट नऊ वर्षांनी न्यायालयात का पोहोचला?

४ एप्रिल २०१६. अमेरिकेतल्या ह्युस्टन शहरातलं एनआरजी स्टेडियम आणि ७४ हजारांहून जास्त प्रेक्षक. कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल सुरू होती. व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना. स्कोअर ७४-७४ आणि घड्याळात उरले होते फक्त ४.७ सेकंद.

पुढे जे घडलं, तो व्हिडिओ कदाचित तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. पण ज्याने तो शॉट मारला, त्या क्रिस जेनकिन्सला एक प्रश्न पडला आहे : दरवर्षी दाखवल्या जाणाऱ्या या क्षणाचे पैसे नेमके कोणाचे?

शेवटच्या ४.७ सेकंदांत काय झालं?

साधारण साडेपाच मिनिटं बाकी असताना व्हिलानोव्हा १० पॉइंटनी पुढे होती. नॉर्थ कॅरोलिनाने हे अंतर कापत आणलं आणि मार्कस पेजने हवेत तोल सावरत मारलेल्या थ्री-पॉइंटरने बरोबरी साधली. स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं.

व्हिलानोव्हाच्या जेनकिन्सने बॉल रेषेबाहेरून रायन आर्चिडियाकोनोकडे टाकला. रायन बॉल घेऊन पुढे पळाला. सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असताना जेनकिन्स मागून धावत आला. रायनने स्वतः शॉट न मारता बॉल त्याच्याकडे दिला. जेनकिन्सच्या हातातून बॉल सुटला, बझर वाजला, बॉल जाळीत. ७७-७४. १९८५ नंतर व्हिलानोव्हाचं हे पहिलंच विजेतेपद होतं.

हा केवळ नशिबाचा भाग नव्हता. प्रशिक्षक जे राइट यांची टीम शेवटच्या सेकंदांसाठीची ही चाल सरावात नेहमी घोटून घ्यायची. बॉल आत टाकणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्धी क्षणभर विसरतात, हेच त्या चालीचं मर्म. आणखी एक योगायोग म्हणजे जेनकिन्स ज्या ब्रिट कुटुंबात वाढला, त्या घरातला नेट ब्रिट त्या रात्री नॉर्थ कॅरोलिनाकडून खेळत होता. एकाच घरात एक जिंकला, एक हरला.

मग पैशांचा प्रश्न कुठून आला?

ही स्पर्धा भरवते एनसीएए ही संघटना. ‘मार्च मॅडनेस’ या नावाने ती ओळखली जाते. त्या फायनलनंतर आठच दिवसांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, एनसीएएने सीबीएस आणि टर्नर या कंपन्यांसोबतचा प्रक्षेपण करार २०३२ पर्यंत वाढवला. या वाढीव आठ वर्षांची किंमत होती ८८० कोटी डॉलर.

खेळाडूंना मात्र शिष्यवृत्ती, राहणं, जेवण आणि ठरावीक भत्ता याच्या पलीकडे काही घ्यायची परवानगी नव्हती. स्वतःचं नाव किंवा फोटो वापरून जाहिरात केली, तर खेळण्याची पात्रताच जायची. कारण एकच : कॉलेजचा खेळाडू हौशी असतो, व्यावसायिक नाही.

२०१७ मध्ये जेनकिन्सचं कॉलेज संपलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही. म्हणजे त्याच्या नावाची बाजारात सर्वाधिक किंमत होती, नेमका तोच काळ कमाईला बंदी असलेला काळ होता.

नियम कधी बदलले?

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑल्स्टन’ खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करायला परवानगी मिळाली.

जून २०२५ मध्ये ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी मिळाली. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळणार आहे आणि कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पण भरपाईचा हिशेब सुरू होतो १५ जून २०१६ पासून. जेनकिन्सचा शॉट त्याच्या दहा आठवडे आधीचा. या तडजोडीतून बाहेर पडून त्याने एप्रिल २०२५ मध्ये एनसीएएविरुद्ध स्वतंत्र दावा दाखल केला.

जुनी प्रकरणं काय सांगतात?

शेवटच्या सेकंदांतल्या शॉटवरून न्यायालयात जाणारा जेनकिन्स पहिला नाही. २००८ च्या फायनलमध्ये कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने २.१ सेकंद बाकी असताना बरोबरी साधून मॅच ओव्हरटाइममध्ये नेली आणि कॅन्सस जिंकलं. त्याने इतर माजी खेळाडूंसोबत २०२४ मध्ये दावा केला. एप्रिल २०२५ मध्ये तो फेटाळला गेला, कारण चार वर्षांची कायदेशीर मुदत कधीच उलटली होती.

१९८३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने शेवटच्या सेकंदातल्या डंकवर ह्युस्टनला ५४-५२ असं हरवलं होतं. तारीख तीच, ४ एप्रिल! त्या टीममधल्या खेळाडूंचा दावाही ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळला गेला. तिथेही उशीर हे एक कारण होतं.

खरा पेच काय आहे?

खेळाडूंचं म्हणणं असं, की व्हिडिओ आजही वापरला जातो, म्हणजे अन्याय आजही सुरू आहे. चाल्मर्सच्या प्रकरणात न्यायालयाला हे पटलं नाही. मूळ कृती तेव्हाच घडली, आज दिसतो तो तिचा परिणाम, अशी न्यायालयाची भूमिका राहिली.

या भूमिकेत तथ्य आहे. मुदतच नसेल, तर चाळीस वर्षांपूर्वीचे हिशेबही रोज उघडावे लागतील. शिवाय मॅच एकट्याची नसते. पेजने बरोबरी साधली नसती, रायनने पास दिला नसता, तर जेनकिन्सचा शॉट झालाच नसता. मग वाटा कोणाकोणाला द्यायचा?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बहुतेक मॅच लोक विसरतात. बझरवर पडलेला बास्केट मात्र जितका जुना होतो, तितका जास्त दाखवला जातो. त्याची किंमत काळाबरोबर वाढते आणि तो मारणाऱ्याचा हक्क काळाबरोबर संपतो.

आज कॉलेजमध्ये खेळणाऱ्या मुलांना असा शॉट मारल्यावर दुसऱ्याच दिवशी जाहिरात करता येते. २०१६ मधल्या जेनकिन्सला ती मुभा नव्हती. त्याने बॉल सोडला तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होता. कायद्याच्या घड्याळात तो शिल्लक आहे का, हाच आता त्याच्यापुढचा प्रश्न आहे.