कुकर घ्या, पण बिल मागा

शादीच्या सामानात कुकर असतोच. आमच्या खालांनी लेकीसाठी आठवडी बाजारातून आणला. त्यावर आयएसआयची खूण नाही, बिलही नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून कुकरवर ही खूण सक्तीची आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला आदेश दिला : नियमाबाहेरचे विकलेले २,२६५ कुकर परत घ्या, ग्राहकांना कळवा, पैसे परत करा. वर एक लाखाचा दंड. त्या ग्राहकांचे पत्ते तरी नोंदलेले होते. खालांना कोण शोधत येणार?

खुणेखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. तक्रारीसाठी १९१५ लावा. बिल मात्र दुकानातच मागून घ्या.

शादी शव्वालमध्ये आहे. कुकर सध्या माळ्यावर आहे.