चाक तापतंय? मग खेप थांबवा!

मैत्रिणींनो, रावेर-सावद्याच्या केळीच्या पट्ट्यापासून धुळ्याच्या बाजारापर्यंत कितीतरी घरांचा महिना एका जुन्या पिकअपवर निघतो. गाडी चालवणारे ते, पण डिझेलचा हिशेब बहुधा आपल्याच वहीत असतो. म्हणूनच गाडीचं एक दुखणं आपल्याला आधी कळू शकतं. तोच रस्ता, तेवढाच माल, आणि डिझेल मात्र जास्त लागतंय? ‘गाडी ओढत नाही’ असं ऐकू येतंय? मग इंजिन खोलण्याआधी ब्रेक पाहायला सांगा. पाय काढल्यावरही ब्रेक चाकाला धरून राहत असतील.

पारख सोपी आहे. गाडी सात-आठ किलोमीटर, शक्यतो ब्रेक न मारता फिरवून आणायची. मग प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यायचा. तवा तापला का पाहतो तसा, वरच्या वर. टेकवू मात्र नका! जे चाक जास्त फणफणतंय, दुखणं तिथं.

चारही चाकं तापली, तर दोष पेडलशी किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. पेडलला सुरुवातीची थोडी ढिलाई हवीच. ती नसेल तर ब्रेक ऑइलची परतीची वाट बंद राहते. भुसावळ-जळगावच्या उन्हात ते तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. सकाळी हलकी धावणारी गाडी दुपारी जड होते, ती अशी. मागची दोनच तापली, तर हँडब्रेकची गंजलेली केबल किंवा जास्त आवळलेले शू तपासावेत.

एकच चाक तापत असेल, तर गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि ते चाक जॅकवर उचलून हातानं फिरवून पाहा. अडलं, तर मिस्त्रीला त्याचं हवा काढायचं निपल जरासं ढिलं करायला सांगा. चाक लगेच सुटलं, तर दाब आत अडकलाय. बहुधा रबरी नळी आतून फुगली असेल. सुटलं नाही, तर पिस्टन किंवा शू जागेवरच गंजून अडकलेत. एवढं कळलं की उगाच चारही चाकांचे लायनर बदलायचा खर्च वाचतो.

पण प्रश्न नुसत्या डिझेलचा नाही, बरं का. ललिंगचा उतार आणि चाळीसगावकडे उतरणारा कन्नड घाट आपल्या माणसांच्या रोजच्या वाटेवरचे. आधीच तापलेला ब्रेक उतारावर आणखी तापतो. जुनं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट-3 ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेलं मात्र 140 च्या आसपासही उकळू शकतं. मग नळीत वाफ होते आणि ऐन उतारावर पेडल तळाला जातं.

म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्या. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही पडू देऊ नका, रबर फुगतं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

आणि चाक तापत असताना ‘एवढी एक खेप टाकून येतो’ असं कुणी म्हणालं, तर होकार देऊ नका. भाडं उद्याही मिळेल.