रक्तातले तण

या सदरात पिकांच्या रोगांवर लिहायची माझी रीत. आज माणसाच्या रोगावर लिहितो आहे. मी डॉक्टर नव्हे, पण कारणच तसे घडले.

आमच्या भागातले एक शेतकरी मुलाचे दवाखान्याचे कागद घेऊन आले. पोर सात वर्षांचे, रक्ताचा कर्करोग. महिनाभराच्या औषधांनी ताप गेला, अंगावरचे काळेनिळे डाग गेले, तपासणीत रोग दिसेना. "साहेब, पोरगं खेळाय लागलं. सोयाबीन काढणीला आलंय. आता आणि दोन वर्सं हेलपाटे कशापायी?" त्यांना जे सांगितले तेच इथे देतो.

या औषधाचे मूळ एका परीने आपल्या मुंबईत आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली भारतात आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचे रक्त का कमी होते, याचा शोध त्यांनी हाफकिन संस्थेत घेतला आणि यीस्टच्या अर्काने ते भरून येते, हे १९३१ मध्ये छापून दाखवले. अर्कातले ते द्रव्य अमेरिकेत १९४१ साली पालकातून वेगळे काढले. त्यासाठी चार टन पालक लागला! तेच फॉलिक आम्ल. आरोग्य केंद्रात गरोदर बायांना मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत ते असते.

बोस्टनच्या बालरुग्णालयातले डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना हे द्रव्य देऊन पाहिले. रोग उलट बळावला. तणाने भरलेल्या रानात युरिया टाकल्यावर काय होते, ते तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. (म्हणून गरोदर बाईने गोळी टाकू नये. निरोगी शरीराला ती हवीच.) फार्बर तिथे थांबले नाहीत. तणाला खत इतके मानवते, तर ते खतच तोडले तर?

लेडर्ले या अमेरिकन कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण त्याचे काम न करणारे द्रव्य तयार केले. त्याचे नाव अमिनोप्टेरीन. कामगंध सापळ्यात नर पतंग खोट्या वासाला फसतो, तशी पेशी या द्रव्याला फसते आणि तिची वाढ अडते.

फार्बर यांचा लेख ३ जून १९४८ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. सोळा मुलांना औषध दिले, दहांना गुण आला. पण त्या लेखाच्या मथळ्यातच एक शब्द आहे, 'तात्पुरता'. तात्पुरता उतार, असे त्यांनी सरळ लिहिले. गुण आलेल्या मुलांतही रोग परतला. एवढा मोठा शोध लावून मथळ्यातच उणीव सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो. आमच्या खात्यातल्या अहवालांत असा शब्द मी क्वचितच पाहिला!

रोग का परतला, हे लव्हाळा खुरपणाऱ्याला सांगायला नको. वरून रान स्वच्छ दिसते, गाठी खाली असतात. पुढे दुसरी औषधे निघाली, ती एकत्र देऊ लागले. अमेरिकेतच मेंफिसला डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूच्या आवरणात दडलेल्या पेशींवरही इलाज केला आणि रोग दिसेनासा झाल्यावरही दोन-तीन वर्षे औषध चालू ठेवले. तेव्हा कुठे १९७० च्या सुमारास मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज पुढारलेल्या देशांत दहांतली नऊ बरी होतात. अमिनोप्टेरीनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट या लांबच्या उपचारात अजून आहे.

"म्हंजे गाठी अजून आत असतील?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "डॉक्टर औषध थांबवा म्हणेपर्यंत आहेत असेच धरा. खर्चाचे रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा, योजना आहेत."

ते बराच वेळ कागदांच्या घड्या घालत बसले.

शुक्रवारच्या रात्रीच्या एस.टी.ने बापलेक मुंबईला गेले. सोयाबीन भावकीने काढले. काल मी खळ्यावर जाऊन आलो. दाण्यात ओल बरीच आहे, आणखी दोन उन्हे द्या म्हणून सांगितले.