नकाराच्या पत्राचे वाचन

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या या सीमाभागात सैन्यातून परतलेला माणूस नाही, असे गाव विरळाच. त्यांपैकी काहींच्या ट्रंकेत एक इंग्रजी पत्र जपून ठेवलेले असते. ‘आपली व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवलेली नाही व सेवेमुळे बळावलेलीही नाही, सबब अपंगत्व निवृत्तिवेतनाची मागणी नामंजूर,’ हा त्याचा मथितार्थ. शाळेच्या माणसास इंग्रजी कळते, या समजुतीने अशी पत्रे आमच्याकडे वाचून घेण्यासाठी येतात. ज्याने पंधरा-सतरा वर्षे हुकूम पाळण्यात घालविली, तो हे पत्रही हुकूमच समजतो. वाचन संपले की कागदाची घडी घालतो आणि “बरं आहे, गुरुजी,” म्हणून उठतो.

वस्तुतः तो हुकूम नव्हे. ते वैद्यकीय मंडळाच्या मतावर आधारलेले उत्तर आहे, आणि त्यावर अपील आहे.

एका हवालदाराच्या पत्नीने मात्र उठता उठता विचारले होते, “भरतीला ह्यास्नी उघडं करून तपासलं हुतं न्हवं? मग तवा का घावला न्हाई ह्यो आजार?” बाईंना ठाऊक नव्हते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात निकाल दिला, तो नेमक्या याच प्रश्नावर. सिग्नल दलातील हा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये अपस्माराच्या विकारामुळे, २० टक्के अपंगत्व ठरवून, त्यास घरी पाठविण्यात आले. निवृत्तिवेतन नाकारले गेले. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी ते दिले, खंडपीठाने काढून घेतले, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नाही, तो सेवेतच जडला असे धरावे. तो तेव्हा तपासणीत का सापडू शकला नसता, याची कारणे वैद्यकीय मंडळाने लिहावीत. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्याचाच, हे तत्त्व न्यायालयाने १९८२ च्या नियमांतूनच काढून दाखविले.

म्हणजे नियमपुस्तकात हे तीस वर्षे छापलेलेच होते. वाचणाऱ्याने वाचले नाही, एवढेच.

याचा अर्थ प्रत्येक दुखापतीला सरकार उत्तरदायी, असा मात्र कोणी घेऊ नये. वार्षिक रजेवर असताना स्कूटरच्या अपघातात जायबंदी झालेल्या जवानाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमान्य केली. सेवा आणि इजा यांत काही कार्यकारणसंबंध हवा, असे त्याचे म्हणणे. ते आम्हांस अन्यायाचे वाटत नाही.

पत्रातील ‘उद्भवलेली’ आणि ‘बळावलेली’ या दोन शब्दांकडे भाषेचा शिक्षक म्हणून आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. पुष्कळ जण अपिलात पहिल्यावरच भांडतात आणि दुसरा विसरतात. रक्तदाबाचा विकार घराण्यातला असेलही. पण उंचावरच्या ठाण्यावरील थंडीने व जागरणाने तो बळावला, एवढे दिसले तरी हक्क उभा राहतो. म्हणून कुठल्या साली कोठे नेमणूक होती आणि पहिला त्रास कोठे झाला, हे अपिलात तारीखवार लिहावे. ‘मी देशासाठी रक्त सांडले’ या वाक्याने कागद भरतो, काम होत नाही. भरतीच्या वेळचा व सुटतानाचा वैद्यकीय अहवाल आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून प्रथम मागवावा. न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

पहिले अपील, त्यावर दुसरे, प्रत्येकी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आत. तेथेही नकार आल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण, तेही सहा महिन्यांत. सेवेतून सुटलेल्यास आपल्या राहत्या ठिकाणाच्या खंडपीठाकडे जाता येते. गोवा व बडोद्याच्या वाचकांना मुंबईचे, इंदूर-ग्वाल्हेरकरांना जबलपूरचे. इतरांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्यावे. उच्च न्यायालयाचे दारही त्यानंतर बंद होत नाही, असे २०२३ मध्ये ठरले आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. त्यानंतर सुटलेल्यांनी वरील सारे आपल्याला जसेच्या तसे लागू आहे असे समजू नये.

जुन्या प्रकरणांत रकमेचा फरक लहान नाही. १९९६ पासून अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी काढलेल्यांचे २० टक्के अपंगत्व ५० धरण्याची तरतूद आहे, आणि १० डिसेंबर २०१४ च्या निकालाने पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ मिळाला.

“आता वीस वर्षं झाली, गुरुजी,” असे कोणी म्हणतो. निवृत्तिवेतन न मिळण्याचा अन्याय दरमहा नव्याने घडतो, असे न्यायालय मानते. म्हणून उशिरा गेलेल्यासही ते मिळू शकते. परंतु २००८ च्या एका निकालानुसार थकबाकी साधारणपणे मागील तीन वर्षांचीच. म्हणजे ट्रंकेतील पत्र जितके दिवस घडी घातलेले राहील, तितके दिवसांचे पैसे गेले. आणि नवे पत्र आले, तर त्याचे पाकीट टाकून देऊ नये. ते कधी हाती पडले, हे त्यावरील टपालाच्या शिक्क्यावरूनच दाखविता येते.