विश्लेषण : बाटलीवर पिकासोचे चित्र… मग किंमत वाइनची की लेबलची?

फ्रान्समधील बोर्दो परिसरातील ‘शातो मुताँ रोथशील्ड’ हा वाइन उत्पादक १९४५ पासून जवळपास दरवर्षी नव्या चित्रकाराकडून बाटलीचे लेबल करून घेतो. साल्वादोर दाली, मार्क शागाल, अँडी वॉरहॉल, फ्रान्सिस बेकन यांची चित्रे या लेबलांवर आली. २००९ च्या हंगामाचे लेबल मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे आहे. यातील कित्येक बाटल्या कधीच उघडल्या जात नाहीत. न उघडलेल्या बाटलीला एवढी किंमत का येते, त्यातून कोणाला काय मिळते आणि जोखीम कोणाची, याचा आढावा.

ही प्रथा कशी सुरू झाली?

पूर्वी बोर्दोतील मळेवाले पिंपांतून वाइन व्यापाऱ्यांना विकत. बाटल्या भरणे, लेबल लावणे हे व्यापाऱ्यांचे काम. त्यात भेसळीला वाव होता. बॅरन फिलिप द रोथशील्ड यांनी १९२२ मध्ये मुताँची सूत्रे हाती घेतली आणि १९२४ चे सर्व उत्पादन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचे ठरवले. बाटली आपली, तर लेबलही आपले हवे, म्हणून पोस्टर-चित्रकार जाँ कार्ल्यू यांच्याकडून त्यांनी लेबल करून घेतले. तो प्रयोग मात्र काही वर्षांतच मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धात मळा ज्यू रोथशील्ड कुटुंबाच्या हातून गेला. फिलिप यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचा १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुक छळछावणीत मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या वाइनसाठी तरुण चित्रकार फिलिप ज्युलियाँ यांनी विजयाचे चिन्ह असलेले ‘व्ही’ हे अक्षर लेबलवर आणले. तेव्हापासून दरवर्षी नवा चित्रकार, ही रीत पडली.

चित्रकाराला मानधन किती?

पैशांत काहीच नाही. चित्रकाराला वाइनच्या काही पेट्या मिळतात. त्यात त्याच्या लेबलच्या वर्षाची वाइन आणि काही जुन्या हंगामांच्या बाटल्या असतात. विषयाचे बंधन नसते, तरी वेल, द्राक्षे, मद्यपानाचा आनंद आणि मुताँचे चिन्ह असलेला मेंढा चित्रांत वारंवार दिसतो. कॅनडाचे जाँ-पॉल रिओपेल यांनी १९७८ साठी दोन चित्रे दिली. दोन्ही आवडल्याने निम्म्या बाटल्यांवर एक आणि निम्म्यांवर दुसरे छापले गेले.

१९७३ हे वर्ष विशेष ठरले. बोर्दोतील वाइनची १८५५ मध्ये प्रतवारी झाली, तेव्हा मुताँला दुसरी श्रेणी मिळाली होती. दीर्घ पाठपुराव्यानंतर १९७३ मध्ये तिला पहिली श्रेणी मिळाली. तत्कालीन कृषिमंत्री जाक शिराक यांनी त्या आदेशावर सही केली. त्याच वर्षी पाब्लो पिकासो यांचे निधन झाले. त्यांना आदरांजली म्हणून मुताँच्या संग्रहालयातील त्यांचे चित्र लेबलवर आले.

लेबलमुळे किंमत का वाढते?

याचे कारण मालिका. वाइन पिणारा चांगला हंगाम शोधतो, संग्राहक मात्र आपल्याकडे नसलेले वर्ष शोधतो. फेब्रुवारी १९५६ मध्ये बोर्दोत कडाक्याच्या थंडीने वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या. तो हंगाम पडलाच. वाइन म्हणून त्या वर्षाचे फारसे नाव नाही, पण संच पूर्ण करायचा तर १९५६ ची बाटली हवीच आणि ती दुर्मीळ आहे. म्हणजे बाटलीतील वाइन कमअस्सल असली तरी लेबल भाव टिकवून धरते. हवामानावर अवलंबून असलेल्या या धंद्यात उत्पादकासाठी हा एक प्रकारचा विमाच आहे.

चूक किंवा वादही संग्राहकांच्या पथ्यावर पडतो. १९९३ च्या लेबलवरील बाल्त्यूस यांच्या नग्न किशोरीच्या रेखाचित्राला अमेरिकेत आक्षेप घेतला गेला. तेथे विक्रीसाठीच्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी सोडण्यात आली. परिणामी संग्राहकांना दोन्ही बाटल्या हव्याशा झाल्या.

खरेदीदाराची जोखीम कोणती?

पहिली जोखीम साठवणुकीची. बूच सुकू नये म्हणून तळघरात ओलावा लागतो, पण त्याच ओलाव्याने कागदी लेबलला बुरशी लागते. डागाळलेल्या, फाटलेल्या लेबलची बाटली लिलावात मागे पडते. दुसरी जोखीम बनावटीची. लेबलला मोल आले की लेबल छापणेही फायद्याचे होते. बनावट दुर्मीळ वाइन विकणाऱ्या रूडी कुर्नियावानला अमेरिकेत २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या घरात बनावट लेबलांचा मोठा साठा सापडला होता. उघडल्याशिवाय आतली वाइन तपासणे कठीण आणि उघडली की संग्राहकासाठी तिचे मोल संपले, हीच यातील मेख आहे.

वाढीव पैसा कलेकडे जातो का?

मुताँच्या बाटलीचा भाव पुढे लिलावात कितीही चढला, तरी त्यातील वाटा चित्रकाराकडे येत नाही. इटलीतील तस्कनीच्या ‘ऑर्नेलाया’ने वेगळी वाट धरली. २००६ च्या हंगामापासून सहा बाटल्यांच्या प्रत्येक पेटीत एका बाटलीवर कलाकाराचे लेबल असते. शिवाय मोठ्या आकाराच्या १११ बाटल्या खास बनवून त्यांपैकी काहींचा लिलाव होतो. २०१९ पासून ती रक्कम गुगेनहाइम प्रतिष्ठानच्या अंध आणि दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींसाठीच्या उपक्रमाला दिली जाऊ लागली.

भारतात हे जमेल का?

नाशिक परिसरात वाइन उद्योग रुजला असला, तरी येथे दरवर्षी लेबल बदलणे खर्चिक आहे. मद्याच्या प्रत्येक लेबलची ज्या-त्या राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदणी करावी लागते. वैधानिक इशाऱ्यासाठी लेबलवर जागाही सोडावी लागते. त्याहून मोठी अडचण फेरविक्रीची. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्यविक्री हा गुन्हा आहे. त्यामुळे परदेशातून हौसेने आणलेली बाटली कपाटात शोभेल, पण भाव वाढला म्हणून ती ओळखीच्या कोणाला विकता येणार नाही. ‘वाइनमधील गुंतवणूक’ अशी जाहिरात पाहून पैसे गुंतवण्याआधी बाटली कोणत्या देशात ठेवली जाणार, तिची मालकी कागदोपत्री कोणाची आणि ती विकण्याचा परवाना कोणाकडे, हे विचारून घेतलेले बरे.